ड्रेन मोटर, नर्मदेचं पाणी आणि आईचे गुडघे

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. आई-बाबा इंदूरला सुदामा नगरात राहतात, वयं ६८ आणि ७४. घरी साडेसहा किलोचं टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे, नऊ वर्षं जुनं. आठवड्यापासून कपडे धुतले जातात, पण शेवटी पाणी टबातच राहतं आणि स्पिन होत नाही. मेकॅनिक येऊन गेला, गिअरबॉक्स गेलाय म्हणाला, खर्च सांगितला ५८०० रुपये. दुकानदार म्हणतो, जुनं द्या, फ्रंट लोड घेऊन जा. बहीण म्हणते, सेमी ऑटोमॅटिकच बरं. शिवाय टॉवेल पापडासारखे कडक होतात ही आईची जुनी तक्रार आहेच. काय करावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. आत्ता नवीन काही घेऊ नका आणि गिअरबॉक्सला हो म्हणू नका. तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत, त्यांवरून बिघाड गिअरबॉक्सच्या शेजारच्या एका छोट्या भागात असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. इंदुरात मशीनं दुरुस्त करायला लागून मला २६ वर्षं झाली. ‘पाणी जात नाही, स्पिन होत नाही’ असा फोन आला की निघताना पिशवीत गिअरबॉक्स टाकत नाही मी, ड्रेन मोटर टाकतो.

टॉप लोड मशीन खालून बघितलं तर मधोमध गिअरबॉक्स असतो, बाजूला मोठी मोटर, दोघांना जोडणारा बेल्ट, आणि कोपऱ्यात मुठीएवढी एक मोटर. ही ड्रेन मोटर. तिच्यातून सायकलच्या ब्रेकला असते तशी एक तार निघते. कपडे धुतले जात असताना ही बया निवांत बसून असते. धुणं संपलं की ती तार ओढते आणि त्या एका ओढीत दोन कामं होतात. पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो, आणि गिअरबॉक्सच्या अंगाचा एक दांडा सरकून ब्रेक सुटतो, क्लच बसतो. म्हणजे एरवी नुसती तळाची चकती फिरत होती, आता अख्खी जाळीची टाकी फिरायला मोकळी झाली. काही मशीनांची रचना थोडी वेगळी असते, पण नऊ वर्षांपूर्वीच्या बेल्टवाल्या मशीनांत बहुतेक हाच कारभार.

आता तुमची तक्रार पुन्हा वाचा. पाणीही जात नाही आणि टाकीही फिरत नाही, दोन्ही एकदम. आणि एक साधी गोष्ट, जी त्या मेकॅनिकला कोणी विचारली नाही: गिअरबॉक्स पाणी अडवत नाही. गिअरबॉक्स पार चुरा झाला तरी पाणी आपल्या वाटेनं निघून जायला हवं. पाणी टबात उभं असेल तर अडवणारे तीनच: तुंबलेला किंवा दबलेला पाइप, अडकलेला व्हॉल्व्ह, नाहीतर न ओढणारी ड्रेन मोटर. आणि टबात पाणी आहे तोवर मशीनचा प्रेशर स्विच, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणारा स्विच, स्पिन सुरूच होऊ देत नाही. म्हणून एका दुखण्याची दोन दुखणी दिसतात.

बाबांना एवढं करायला सांगा. मशीन तिरकं करायचं नाही, स्क्रू उघडायचे नाहीत, नुसतं बघायचं आणि ऐकायचं. पहिल्यांदा मागचा पाणी जाणारा पाइप बघा. भिंतीला दबलाय का, कोणी मोरी धुताना उचलून बेसिनवर टाकलाय का. तुमच्यासारख्या मशीनमध्ये सहसा पंप नसतो, पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं. पाइप वर गेला की खेळ खलास. राजेंद्र नगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे नवा गिअरबॉक्स बसून झाला होता, पैसे देऊन झाले होते, तक्रार जशीच्या तशी. मी मशीन भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं आणि पाणी भसाभसा गेलं. रंग देताना मशीन हलवलं होतं, परत ढकलताना पाइप मागे चेपला होता, इतकंच. सरांचा चेहरा बघवेना. मी फक्त चहा घेतला.

पाइप ठीक असेल तर मगानं पाणी उपसून टाका, तळाशी राहील तेवढं राहू द्या, झाकण लावा, नुसतं स्पिन लावून मशीनजवळ कान द्या. सुरुवातीला काही सेकंद बारीक घुर्रर्र असा आवाज आणि मग टक असा ठोका यायला हवा. ती तार ओढली जाण्याची खूण. घुर्रर्र येतच नसेल तर ड्रेन मोटर मेली किंवा तिला करंट पोचत नाही. आवाज येतो पण पाण्याची धार सुटत नाही, तर तार तुटली किंवा व्हॉल्व्हमध्ये काही अडकलं. आवाज आला, पाणीही गेलं, मोठी मोटर जोर लावून हूंऽऽ करते आणि टाकी मात्र हलत नाही, तर मग आधी बेल्ट, मग कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा डबीसारखा भाग), आणि ते दोन्ही धड निघाले तरच गिअरबॉक्सचं नाव काढायचं. पाणी गेलं, पण मोटरचा आवाजच नाही, तर झाकणाचा स्विच बघायला सांगा. झाकण उघडं आहे असं मशीनला वाटलं की स्पिन बंद.

ड्रेन मोटर, मजुरीसकट, हजार-दीड हजारात बसायला हवी. कंडेन्सर तर त्याहून कितीतरी स्वस्त.

गिअरबॉक्स खरोखर गेला की त्याच्या खुणा लपत नाहीत. पांढऱ्या कपड्यांवर काळे तेलकट ठिपके पडतात, जे साबणानं जात नाहीत. मशीनच्या बरोबर मधोमध, पोटाखाली, पाणी ठिबकतं. फिरताना दगड दळल्यासारखा आवाज येतो. किंवा धुताना नुसती चकती फिरायची ती अख्खी टाकीच झोके घेऊ लागते, पण हे कधीकधी नुसत्या तारेच्या ताणाचं किंवा ब्रेकचंही असतं. यातलं काही आई-बाबांनी पाहिलं असेल तर माझा अंदाज बदलेन.

याच्या उलट तक्रारही येते: पाणी भरत राहतं, भरतच राहतं, टब काही भरत नाही. व्हॉल्व्हच्या रबराखाली कण अडकला की तो पूर्ण मिटत नाही, वरून भरतं, खालून जातं. रामबागेत एका काकूंच्या मशीनमधून मी असा एक मणी काढला, काळा, मोहरीपेक्षा थोडा मोठा. तळहातावर ठेवून त्यांना दाखवला तर त्या आत गेल्या, मंगळसूत्र घेऊन आल्या आणि मोजायला बसल्या. पोत तुटून दोन महिने झाले होते. या कामात जोडवी सापडतात, नाणी सापडतात, साडीपिना तर पसाभर निघतील. खिसे बघून कपडे टाका हे सांगून सांगून मी थकलो.

आता पाण्याकडे येतो. तुमच्या टॉवेलांचं उत्तर तिथं आहे आणि नवं मशीन घ्यायची वेळ आलीच तर निवडही तिथंच ठरते.

इंदूरचं पाणी दोन प्रकारचं. एक नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंप करत घाट चढवून आणतात ते. बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड येतं. दुसरं बोरिंगचं, माळव्याच्या काळ्या खडकातून काढलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड झालेलं. बहुतेक घरांत दोन्ही एकाच टाकीत पडतात. नर्मदेचं पाणी प्यायला भरून ठेवायचं आणि धुण्याभांड्याला बोरिंगचं सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ती बरोबरच आहे. पण भोगतं कोण, तर मशीन.

जड पाण्यात साबणाचा बराच भाग कॅल्शियमशी झुंजण्यातच खर्च होतो. त्यातून जो चिकट-पांढरा साका बनतो तो टॉवेलच्या धाग्यांत बसतो. म्हणून टॉवेल कडक आणि काळे कपडे राखट. मशीन त्याला दोषी नाही आणि नवं मशीन घेऊन टॉवेल मऊ होणार नाहीत, हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही. पाणी किती जड आहे हे तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. ५००-६०० च्या पाण्यात फ्रंट लोडचा हीटर काही वर्षांत चुन्यानं मढतो. आणि घरी येऊन पेनासारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून जो ‘बघा किती हार्ड आहे’ म्हणतो, त्याला हसून निरोप द्या. टीडीएसमध्ये सगळे क्षार येतात, मीठसुद्धा. कठीणपणाची चाचणी वेगळी, प्रयोगशाळेत होते किंवा थेंबांच्या किटनं घरीही होते.

यावर मी सांगतो ते साधं आहे. धुण्याच्या दिवशी टाकीत नर्मदेचं पाणी असू द्या. नळ एक दिवसाआड येत असेल तर धुणंही एक दिवसाआड. दोन म्हाताऱ्या माणसांचे कपडे असतात किती? बोरिंगचंच वापरावं लागत असेल तर मशीनची पावडर घ्या, बादलीची नको, आणि पाकिटावर जड पाण्यासाठी जेवढी लिहिली आहे तेवढी घाला. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये डिस्केलिंग पावडर, म्हणजे चुना काढणारी पावडर, टाकून ते चालवा. ती नसेल तर १०० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) कोमट पाण्यात घालून तासभर मुरू द्या आणि मग दोनदा साध्या पाण्यानं फिरवा. याच्यासोबत ब्लीच मुळीच नाही. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. सॉफ्टनरचं छोटं भांडं नळाला लावून विकतात. त्यातली काही नुसती क्षारांना धरून ठेवणाऱ्या गोळ्यांची असतात, चुना बसणं कमी करतात, पण पाणी मऊ होत नाही. खरा सॉफ्टनर मिठानं धुवावा लागतो. आई-बाबांच्या गळ्यात ते काम बांधू नका.

पाण्यासोबत गाळ येतो. छतावरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की तळाचा गाळ ढवळतो आणि थेट मशीनच्या जाळीत जाऊन बसतो. पाणी हळू येतंय, मशीन अर्ध्यात थांबून आकडा दाखवतंय, अशा तक्रारींत निम्म्यांचं कारण ही जाळी असते. नळाची तोटी बंद करायची, प्लग काढायचा, मागचा भरण्याचा पाइप फिरवून काढायचा. आत नखाएवढी प्लास्टिकची जाळी दिसते. तिला मधोमध एक छोटं टोक असतं, ते पकडीनं धरून सरळ ओढायचं, जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचं, परत बसवायचं. पाच मिनिटांचं काम. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा महिन्यातून एकदा करा. याच कामाचे माझ्यासारखे लोक व्हिजिटचे पैसे घेतात, म्हणून लिहून टाकतो.

जाळी साफ असूनही धार बारीक असेल तर टाकीची उंची बघा. दहा मीटर उंचीचा पाण्याचा खांब साधारण एक बार दाब देतो. छतावरच्या टाकीतून तळमजल्याच्या मशीनला जेमतेम तीन-चार मीटर मिळतात, म्हणजे ०.३ बारच्या आसपास. बऱ्याच मशीनांना एवढं पुरतं, पण कित्येकांच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त मागितलेलं असतं, फ्रंट लोडच्या तर खासकरून. तुमच्याकडे मशीन खाली, मागच्या मोरीत असेल तर निभतं. छतावर टाकीच्या शेजारी पत्र्याची शेड करून तिथं मशीन ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो. दाब नाही, ऊन-पाऊस अंगावर, आणि शेडमध्ये उंदीर.

उंदरांवरून आठवलं. टॉप लोड मशीनचा तळ बऱ्याचदा उघडा असतो आणि आतलं ऊबदार अंधारं अंगण उंदरांना भलतंच आवडतं. वायर कुरतडतात, पाइपाला दात लावतात, कधी आतच मरतात. खाली बसवायची प्लास्टिकची प्लेट मिळते, नाहीतर बारीक जाळी लावून घ्या. पालीची जात वेगळीच. ती सर्किटच्या कार्डावर चढते, शॉर्ट करते आणि जाताना पाच-सहा हजारांचं कार्ड सोबत घेऊन जाते.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात असं आई म्हणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या दिवसापासून मशीन बंद, आधी इलेक्ट्रिशियन. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते किंवा अर्थिंगचा खड्डा सुकलेला असतो. ओल्या मोरीत अनवाणी उभ्या बाईला हे परवडत नाही. अर्थिंग नीट करून घ्या आणि शक्य असेल तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा.

स्पिनच्या वेळी मशीन धडधडत चालू लागतं, ते बहुतेक वेळा एका जाड चादरीचं किंवा गोधडीचं काम. ती एकटी टाकली की एका बाजूला गोळा होते. तिच्याबरोबर दोन टॉवेल टाका. रोजच्या साध्या कपड्यांनाही धडधडत असेल तर टबाला झोपाळ्यासारखे धरून ठेवणारे चार रॉड ढिले झालेत. ते चारही बदला. एकच बदलला तर तीन जुने आणि एक नवा, टब तिरकाच राहतो. नऊवारी किंवा सुती साडी जाळीच्या पिशवीत घालून टाकायची, नाहीतर चकतीला गुंडाळते. रेनकोट आणि प्लास्टिकचं अस्तर असलेलं काहीही स्पिनमध्ये नको. त्यात पाणी साचतं, वेगात टब एका बाजूला झुकतो आणि मशीन फुटल्यासारखं उसळतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, खेळून आलेले कपडे आधी बादलीत दोनदा भिजवून, झटकून मगच मशीनमध्ये. गेरच्या दुसऱ्या दिवशी मला सगळ्यांत जास्त फोन येतात आणि निम्मे ‘सगळे कपडे गुलाबी झाले’ असे असतात. तिथं भिया मी तरी काय दुरुस्त करणार?

आकड्या-अक्षरांना घाबरू नका. एलजीच्या मशीनवर आयई म्हणजे पाणी येत नाही, ओई म्हणजे पाणी जात नाही, यूई म्हणजे वजन एकीकडे झालं, डीई म्हणजे झाकण. सॅमसंगवर ४सी पाणी येण्याचं, ५सी जाण्याचं. आणि सीएल दिसलं तर तो बिघाडच नाही, नातवानं चाइल्ड लॉक दाबलंय. ज्या बटणाखाली कुलपाचं चित्र आहे ते तीन-चार सेकंद दाबून धरा. बाबांना विचारा, मशीन थांबतं तेव्हा पाटीवर काय येतं. ओई किंवा ५सी येत असेल तर माझ्या ड्रेन मोटरवाल्या अंदाजाला आणखी एक साक्षीदार मिळाला.

आता मुद्दा दुरुस्ती की नवं. नऊ वर्षं म्हणजे म्हातारं मशीन नाही, प्रौढ मशीन. मी वयापेक्षा पाय बघतो. मोरीत ओल असते, खालची पत्र्याची चौकट गंजून खाल्ली जाते. टॉर्च घेऊन खालच्या कडा आणि कोपरे बघा. बोटानं दाबल्यावर पापुद्रे निघत असतील, रॉड जिथं अडकतात ते कोपरे सडले असतील, तर त्यात पाच हजारांचा गिअरबॉक्स घालणं म्हणजे पडक्या वाड्याला नवा दरवाजा. बॉडी खणखणीत असेल आणि खर्च तशाच नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर दुरुस्त करा. वर्षात दोनदा कार्ड गेलं असेल तर मात्र सोडून द्या. कार्डाचे पैसे तिसऱ्यांदा भरणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांना थांबवताना माझंच नुकसान होतं, तरी थांबवतो.

समजा नवंच घ्यायची वेळ आली, तर दुकानात जाण्याआधी घरच्या तीन गोष्टी बघा: पाणी, जागा आणि आई.

फ्रंट लोड कपडे स्वच्छ धुतं, पाणी टॉप लोडच्या साधारण निम्मं घेतं, पिळतंही जोरात. यात वादच नाही. आणि पाणी गरम करतं, त्यामुळे बाबांच्या बनियनचा पिवळेपणा निघेल. पण त्याला १६ अँपियरचा वेगळा पॉइंट लागतो, कारण हीटर दोन हजार वॉटच्या आसपास खातो. गिझरच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढून चालवायचं नाही. दाराचं रबर प्रत्येक वेळी पुसायचं, दार उघडं ठेवायचं, नाहीतर काळी बुरशी आणि कुबट वास. खाली पुढं एक फिल्टर असतो, तो महिन्याला वाकून काढायचा. आणि बेअरिंग गेलं की बऱ्याच मॉडेलांत ड्रमचा बाहेरचा डबा जोडून बंद केलेला असतो, नुसतं बेअरिंग मिळत नाही, अख्खा डबा घ्यावा लागतो. घेताना हा एक प्रश्न कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा, शोरूमला नाही. दुकानात फ्रंट लोड मांडलेलं असेल तर ड्रम हातानं फिरवून वर-खाली हलवून बघा, नव्या ड्रममध्ये खडखड आणि ढिलाई अजिबात नसते.

सगळ्यांत मोठी गोष्ट, फ्रंट लोडसमोर वाकावं किंवा बसावं लागतं. आईच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण ६८ व्या वर्षी ते विचारावे लागतातच. मशीन एका फुटाच्या स्टँडवर ठेवता येतं, मात्र स्टँड भक्कम आणि समतल पाहिजे. हलका लोखंडी स्टँड घेतला तर मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगात मशीन त्यावरून उतरायला बघतं. टॉप लोडची अडचण उलटी. लोकमान्य नगरच्या एका आजींना मुलानं प्रेमानं आठ किलोचं घेऊन दिलं. टब इतका खोल, की तळाचा मोजा काढायला त्या स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी वापरत. पळी कायमची मशीनच्या मागे खिळ्याला टांगलेली. म्हणून दुकानात आईला सोबत न्या आणि तळाला हात पोचतो का बघा. तेवढ्यात दुकानदार सतरा प्रोग्राम दाखवेल. आई दोनच वापरणार.

बहिणीचं सेमी ऑटोमॅटिकचं म्हणणं वाईट नाही. दाब नसला तरी बादलीनं पाणी घालता येतं, ड्रायर भन्नाट पिळतो, बिघडलं तरी तीन-चारशेत सुटतं. कामाला बाई रोज येत असेल आणि तीच धुणार असेल तर मी तेच सांगितलं असतं. पण ओले कपडे एका टबातून उचलून दुसऱ्यात घालणं हे काम आहे. एक ओली चादर कोरडीच्या दुपटीहून जास्त वजनाची होते. चौऱ्याहत्तरीच्या बाबांनी ते करावं असं तुम्हालाही वाटत नसेल.

म्हणून तुमच्या घरासाठी माझं मत: टॉप लोडच, साडेसहा किंवा सात किलो, त्याहून मोठं नको. किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन, आणि टब पाऊणपर्यंतच भरला तर कपडे नीट उलटतात. पायजमे, साड्या, टॉवेल, दोघांचं एका दिवसाआडचं धुणं चार किलोच्या पुढं जात नाही. पाहुण्यांच्या रजईसाठी दहा किलो घेऊ नका, वर्षातून दोनदा रजई धोब्याकडे द्या. इन्व्हर्टर मोटर (गरजेप्रमाणे वेग बदलणारी) असेल तर आवाज कमी, वीजही थोडी वाचते. मात्र ‘दहा वर्षं वॉरंटी’ हा ठसठशीत आकडा बहुधा फक्त मोटरचा असतो. कार्ड, व्हॉल्व्ह, मजुरी, येण्याजाण्याचे पैसे त्यात नसतात, आणि गंमत म्हणजे मोटर सगळ्यांत कमी बिघडते. पूर्ण मशीनची वॉरंटी किती वर्षं, हे विचारून बिलावर लिहून घ्या.

अजून एक. ‘जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या’ असं कोणी म्हणालं तर सांगा, सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आले ते एसी, मोठे टीव्ही आणि डिशवॉशर. वॉशिंग मशीन जुलै २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहे.

एक्स्चेंजमध्ये जुन्याचे हजार-बाराशे देतील. त्याआधी महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोणाला विचारून बघा, चालू मोटर, चांगलं कार्ड आणि धड टब यांना गिऱ्हाईक असतं.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी बाबांना पाणी उपसून नुसतं स्पिन लावायला सांगा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून घ्या. फोन टबाच्या वर नाही, खाली, उजव्या-डाव्या कोपऱ्यांशी धरायचा. घुर्रर्र आहे की नाही, टक आहे की नाही, एवढं कळलं की मेकॅनिकला परत बोलवा आणि म्हणा, ड्रेन मोटर घेऊन या. तो कुरकुरला तर म्हणा, मग मशीन उलटं करून तार ओढून दाखवा. हातानं तार ओढल्यावर पाणी गेलं आणि टाकी मोकळी फिरली, तर तोही पुढं काही बोलणार नाही.